बिनकामाची चक्कर

आमच्या गावात रात्री दहानंतर कोणाच्या दारात गाडी सुरू झाली की शेजारचा माणूस बाजेवरून अर्धा उठून विचारतो, "कोनाले काय झालं?"

हा प्रश्न मी बावीस वर्षांपासून ऐकतो. पहिली दहा-बारा वर्षं त्याला उत्तर असायचं. कोणाला पान लागलेलं असायचं, कोणाची सून अडलेली असायची, कोणा म्हाताऱ्याच्या छातीत कळ आलेली असायची. आता उत्तर नसतं. म्हणजे असतं, पण चौसष्ट वर्षांच्या शेतकऱ्यानं ते मोठ्यानं सांगायचं म्हटलं तर जीभ अडते. कोणालाच काही झालेलं नसतं. मी नुसता फिरायला निघालेला असतो.

माझी गाडी म्हणजे मारुतीची ओम्नी, १९९६ चं मॉडेल. तिचा नंबर एमएच ३०, अकोल्याचा. वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. म्हणजे माझी गाडी माझ्या जिल्ह्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. ती मी २००३ साली मंगरूळपीरच्या एका मास्तराकडून अठ्ठावन्न हजारांत घेतली. त्या वर्षी तूर बरी झालती, ते पैसे होते. कमी पडले म्हणून दोन जोड्यांतली एक बैलजोडी विकली. लेकरांची माय तेव्हा चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ते एवढंच, "सोन्यासारखे बैल इकले अन् डब्बा आनला!"

डब्बाच तो. ज्यांनी ही गाडी चालवली नाही त्यांना सांगतो, हिला पुढं नाक नाही. इंजिन समोर नसून आपल्या सीटखाली असतं. तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं. काच, काचेच्या मागं आपले गुडघे आणि लगेच रस्ता. कशाला धडकलोच तर गाडीच्या आधी आपण पोचू, असं. आणि वैशाखात त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हात ती चालवायची म्हणजे चुलीवर बसायचं. वरून पत्रा तापलेला, खालून इंजिन. माणूस पानग्यासारखा दोन्हीकडून भाजून निघतो. त्यामुळं उन्हाळ्यात दिवसा मी हिला कडुनिंबाखालून शक्यतो हलवत नाही.

पण रातची गोष्ट वेगळी. मागचं सरकतं दार अर्धं उघडं ठेवायचं, दोन्ही काचा खाली करायच्या आणि तीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. मग त्या डब्ब्यातून जो वारा जातो तसा वारा मी दुसऱ्या कोणत्या गाडीत पाहिला नाही. दार उघडं ठेवून गाडी चालवणं काही शहाणपणाचं काम नाही, हे मलाही समजतं. पण तीसच्या चालीत ते खपून जातं.

हे सुख कळायला मला बरीच वर्षं लागली. कारण सुरुवातीची सारी वर्षं गाडी कामाचीच होती. दिवसा बियाण्याच्या बॅगा, खताची पोती, कारंजाच्या बाजारात न्यायचे संत्र्याचे कॅरेट, लग्नाचे पाहुणे, रामनवमीला पोहरादेवीला जाणारे भाविक. पाच माणसांच्या गाडीत अकरा बसवून नेलेले आहेत, ती चूक कबूल करतो. आणि रात्री दवाखाना. गावात तेव्हा चारचाकी दोनच. दुसऱ्याची गाडी नेमकी रातच्या टायमाले नादुरुस्त व्हायची. माझी होत नव्हती.

तांड्यावरची एक बाई अशीच रात्री नेत असताना फाट्याच्या अलीकडंच मोकळी झाली. मी पुलाच्या कठड्याशी तोंड फिरवून उभा, आणि गाडीत दोन बाया अन् एक कंदील. पोरगं रडलं तेव्हा मी कोणाचा कोणी नसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पोरगं आता कॉलेजात जातं. तांड्यात त्याला अजूनही सारे 'ओम्नी' म्हणूनच हाका मारतात.

पण दरवेळी असं होत नाही. पावसाळ्यात एकाला वावरात पान लागलं. माझ्याच वयाचा, शाळेत माझ्या बाकावर बसणारा. मी गाडी जेवढी पळेल तेवढी पळवली. मागून त्याच्या श्वासाची घरघर येत होती, तोवर मला धीर होता. मग घरघर थांबली. त्याचा भाऊ काही बोलेना. मी मागं पाहिलं नाही. चौथ्या गिअरची गाडी तिसऱ्यात टाकली आणि इंजिनचा आवाज मोठा केला, म्हणजे ती शांतता ऐकू येऊ नये. वाशिमचे दिवे दिसेपर्यंत मी तसाच तिसऱ्यात गेलो.

त्या वर्षांत मी या रस्त्यानं रात्री कितीदा गेलो त्याची गिनती नाही. पण रात्र अशी कधी पाहिली नाही. दिव्याच्या उजेडात येईल तेवढा रस्ता आणि पुढचा खड्डा, एवढंच.

२०१४ साली १०८ नंबरची गाडी सुरू झाली. फोन केला की ती येते, फुकट नेते, आत डॉक्टर असतो. हळूहळू गावातही गाड्या वाढल्या. माझ्या दारावर रात्री पडणारी थाप कमी होत होत बंद झाली. लोकांच्या दृष्टीनं चांगलंच झालं, माझ्याही दृष्टीनं चांगलं झालं. तरी पहिले काही महिने रात्री कुत्रं भुंकलं की मी उठून किल्ली चाचपायचो.

त्याच सुमाराला बाचा दमा वाढला.

माझा बा म्हणजे कामाशिवाय दुसरी भाषा न येणारा माणूस. कोणाच्या घरी गेला तरी 'असाच आलो' असं कधी म्हटलं नाही. 'विळा पाहिजे होता', 'वखराची पास पहाले आलो', असं काहीतरी निमित्त घेऊनच जायचा. उन्हाळ्यात रातची लाईन जायची, घर भट्टीसारखं व्हायचं आणि त्याला आडवं होता येत नव्हतं. अंगणात बाजेवर उकिडवा बसून तो श्वास ओढत राहायचा. एका रात्री मला पाहावलं नाही. मी म्हटलं, "बा, गाडीत बस. उलसक वारं लागन."

तो म्हणाला, "काहून? काम काय हाय?"

मी म्हटलं, "भुईमुगाचं पाणी पाहून येऊ."

"हाव, मंग चाल."

त्याला माहीत होतं की लाईन नाही. लाईन नाही तर मोटर नाही, आणि मोटर नाही तर पाणी कुठलं? तरी तो चपला घालून आला आणि पुढच्या सीटवर बसला. फाटा येईपर्यंत त्याचा श्वास जाग्यावर आला. दुसऱ्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर तोच म्हणाला, "त्या धुऱ्यावरचं बाभळीचं झाड कोनं तोडलं तर नसन? पाहून येऊ."

झालं, तेव्हापासून आखाजी ते मृग असं आमचं सुरू झालं. रोज नवं निमित्त. रोही पिकात शिरले का, कुटाराची गंजी नीट झाकली का, अमक्याच्या विहिरीवर मोटरचा आवाज येतो का. मी कधी म्हटलं नाही की हे काम सकाळीही होईल. त्यानंही कधी म्हटलं नाही की मला बरं वाटतं.

गाडीत बसला की बा बोलायचा. घरी न बोलणारा माणूस अंधारात, समोर पाहत, आपल्याशीच बोलल्यासारखा बोलायचा. एकदा फाट्यावरून गावाकडं वळलो तर म्हणाला, "हळू. हे खडी मी फोडली हाय."

मला समजलं नाही. मग त्यानं सांगितलं. १९७२ चा दुष्काळ, दुष्काळी कामं निघाली, त्यात फाट्यापासून गावापर्यंतचा हा रस्ता झाला. बा आणि माझी माय दोघंही खडी फोडायला होते. मी तेव्हा अकरा वर्षांचा. मला फक्त सुकडी आठवते, तिची गोड चव आठवते आणि ती खायला मिळायची म्हणून तो दुष्काळ मला चांगला वाटायचा, हेही आठवतं. बा म्हणाला, "तुही माय संध्याकाळी हात उघडू शकत नव्हती. मुठीत हातोडी हाय असेच बोटं राहत." त्या रस्त्यावर नंतर दोनदा डांबर पडलं. पण त्या रात्रीपासून मी त्या तुकड्यावर गाडी नेतो तेव्हा आपोआप पाय सैल होतो.

परतताना बा बहुतेकदा झोपी जायचा. मान छातीवर, हात मांडीवर उताणे. मग माझी पंचाईत. घर आलं म्हणून गाडी थांबवली की तो जागा होणार आणि जागा झाला की श्वास पुन्हा लागणार. म्हणून मी गावाबाहेरूनच गाडी वळवायचो. ब्रेक न मारता वळवायची, गिअर असा बदलायचा की मान हलू नये, खड्डा आधीच ओळखून बाजूनं काढायचा. गाडी चालवणं मी खरं तर तेव्हा शिकलो. त्याआधी फक्त पळवत होतो.

आणि रातही तेव्हाच पाहिली. चैत्रात कडुनिंब फुलतो, तो वास दिवसा धुळीत हरवतो, रात्री मात्र अंगावर येतो. कोणाच्या संत्र्याच्या बागेला पाणी सुरू असलं की तेवढ्याच तुकड्यात हवा एकदम गार होते, जशी कोणी माठाचं झाकण काढलं. पुढं गेलं की पुन्हा गरम. तापलेल्या डांबरावर रातवे पाखरं बसलेली असतात. दिव्याच्या उजेडात आधी त्यांचे लाल डोळे दिसतात, निखाऱ्यासारखे, आणि गाडी अगदी जवळ आली की आवाज न करता उडतात. रोही रस्त्याच्या कडेला उभा राहून गाडीकडं असा पाहतो की आपणच त्याच्या वावरात घुसलो.

२०१६ च्या पावसाळ्यात बा गेला. त्यानंतर दोन-तीन उन्हाळे गाडी रातची हलली नाही. एकट्यानं कशाला जायचं आणि कोणत्या कामानं?

मग एका वैशाखात लाईन गेली, कुलर बंद पडला आणि आम्ही दोघं नवरा-बायको अंगणात पंख्यासारखा पुठ्ठा हलवत बसलो. माझ्या तोंडून निघून गेलं, "चाल, वावरातले पाईप पाहून येऊ."

ती म्हणाली, "या टायमाले? पाईप काय पळून जाऊन राहिले?"

पण उठली. घरात जाऊन पाण्याची बाटली घेतली, पदर खोचला आणि मागच्या सीटवर उघड्या दाराजवळ बसली. तिला पुढं बस म्हटलं की नको म्हणते. इंजिनची ऊब लागते, आणि मागून बोललं की नवरा मध्येच तोंड वाकडं करतो ते दिसत नाही, असं तिचं म्हणणं. पाईप पाहून झाले नाहीत. वावराचं वळण मागं गेलं तरी ती काही बोलली नाही. पाच मिनिटांनी म्हणाली, "बैल गेल्याचं मले अजूनबी वाईट वाटते. पन वारं चांगलं लागते."

अठ्ठावन्न हजारांची पावती मला सोळा वर्षांनी मिळाली.

शेलूबाजारच्या बाजूनं गेलं की समृद्धी महामार्गावरून जाणारा पूल लागतो. नागपूर ते शिर्डी तो रस्ता ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. आमच्या ओळखीतल्या काहींची वावरं त्यात गेली. कोणी त्या पैशात दुसरीकडं जमीन घेतली, कोणी माडी बांधली, कोणाचे पैसे कुठं गेले ते त्यालाही सांगता येत नाही. आम्ही पुलावर गाडी बाजूला लावून खाली पाहत उभे राहतो. एकशे वीसच्या वेगानं दिवे येतात अन् जातात. पांढरे इकडं, लाल तिकडं. एका रात्री ती म्हणाली, "एवढे लोक कोठी जाऊन राहिले असतीन?"

म्हटलं, "कामानं."

"अन् आपुन?"

मला काही सुचलं नाही. दोघंही हसलो. नातवंडांची आजी-आजोबा, रात्री साडेअकराला पुलावर हसत उभे. कोणी पाहिलं असतं तर बह्याड म्हटलं असतं.

आता जे लिहितो ते लिहू की नको, असा बरेच दिवस विचार केला. गेल्या वर्षी, २०२४ च्या मे महिन्यात, परतताना समोरून एक ट्रक आला. हल्ली ते पांढरे भक्क दिवे निघाले आहेत. आधीही त्रास व्हायचा, दिव्याभोवती कडं दिसायचं, पण मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. त्या उजेडात मला काहीच दिसेना. ट्रक गेला आणि समोर कुटाराची ट्रॉली, रस्त्यातच उभी, मागं ना दिवा ना चमकणारी पट्टी. मी होता नव्हता तेवढा जोर ब्रेकवर दिला. गाडी ट्रॉलीपासून दोन हातांवर थांबली. मागं ती समोरच्या सीटच्या लोखंडावर आपटली. कपाळावर चार टाके पडले.

मुलाला तिनं सांगितलं, अंधारात चौकट लागली. मी तिथंच बसलो होतो, गप्प राहिलो. दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी मुलगा ड्रेसिंगला घेऊन जात होता तेव्हा म्हटलं, "चौकट नाही लागली. म्या ब्रेक मारला. मले रातचं दिसत नाही." हे वाक्य बोलायला मला दहावीच्या इंग्रजीच्या पेपरपेक्षा जड गेलं. त्या पेपरला निदान कोणाचं रक्त निघालं नव्हतं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. मुलानं किल्ली खिळ्यावरून काढून आपल्याजवळ ठेवली. रागावला नाही. फक्त म्हणाला, "बाबा, आता रातची गाडी बंद. कुलरसमोर झोपायचं. काय नडलं हाय तुमचं?"

नडलं काहीच नव्हतं. तेच तर सांगता येईना. आमच्या लोकांना नडल्याशिवाय काही करायची सवय नाही. औत नडतं, बियाणं नडतं, दवाखाना नडतो, आणि त्यासाठी आपण निघतो. ज्याच्यावाचून काही अडत नाही ते मागायचं कसं? बाला आयुष्यभर ते मागता आलं नाही, म्हणून तो बाभळीचं झाड पाहायला जायचा. मीही पाईप पाहायलाच गेलो.

या वर्षी जानेवारीत उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, फेब्रुवारीत डाव्याचं. पट्टी निघाल्यावर मला आमच्या घराची भिंत निळी दिसली. मी तिला वर्षानुवर्षं करडी समजत होतो. चैत्रात डॉक्टरांनी शेवटची तपासणी केली आणि रातची गाडी चालवायला हरकत नाही म्हणाले. हे मी घरी सांगितलं नाही. मुलगा सोबत होता, त्यानं ऐकलं होतं.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी रात्री त्यानं किल्ली माझ्यासमोर धरली. "चाला. मी बाजूले बसतो. पाहू."

परीक्षाच होती. तो पुढच्या सीटवर बसला, तिथं बा बसायचा. पहिली दहा मिनिटं प्रत्येक गोष्ट विचारली. समोरचा बोर्ड वाचा. त्या झाडाखाली काय आहे? मोटरसायकल किती लांब आहे? मी सारं सांगितलं. समोरून ट्रक आला, त्याचा दिवा आला अन् गेला. कडं नव्हतं, मागं अंधार तसाच स्वच्छ होता. मग त्याचे प्रश्न कमी झाले. त्या दिवशी भुईमूग काढणी होती, तो सकाळपासून वावरात होता. फाट्याच्या पुढं गेलो आणि मी सहज बाजूला पाहिलं, तर परीक्षक झोपलेला. मान छातीवर, हात मांडीवर उताणे.

मी गावाबाहेरूनच गाडी वळवली. ब्रेक न मारता.

किती वेळ फिरलो ते सांगत नाही. तो जागा झाला तेव्हा आम्ही दुसऱ्यांदा फाट्यावर होतो. डोळे चोळत म्हणाला, "घर नाही आलं अजून?" म्हटलं, "आलंच." त्यानंतर तो त्या विषयावर बोलला नाही. सकाळी किल्ली खिळ्याला होती.

पंधरा वर्षं झाल्यापासून दर पाच वर्षांनी गाडीची पासिंग करावी लागते. २०२६ मध्ये पुन्हा आहे. फी वाढली आहे, तळाचा पत्रा दोन जागी खाल्ला आहे आणि ओम्नी बनवणंही कंपनीनं २०१९ सालीच बंद केलं. भंगारवाला दोनदा विचारून गेला. तिला विचारलं तर म्हणते, "बैलं इकून आनली, आता हे इकून काय आनता?" पासिंग होईल की नाही ते तेव्हा पाहू. हा उन्हाळा तर आहे.

परवा रात्री लाईन होती, कुलर सुरू होता, कोणी आजारी नव्हतं, वावरात पाहण्यासारखं काही नव्हतं. मी गाडी सुरू केली, ती बाटली घेऊन मागं बसली. शेजारचा बाजेवरून अर्धा उठला.

"कोनाले काय झालं?"

"कोनाले काही नाही. असंच फिरून राहिलो."

तो थोडा वेळ तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "मले घेता काय? थांबजा, चप्पल पाहतो."